सही आणि अमानत

सातवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. धड्यात 'पगार' हा शब्द आला. उर्दू माध्यमाच्या मुलांना त्याचा अर्थ 'तनख्वाह' एवढा सांगून पुढे जाण्याचा आमचा विचार होता. पण मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तनख्वाह देता कौन?" प्रश्न साधा वाटला म्हणून आम्ही तो वर्गावरच सोपवला. एक म्हणाला, सेठ देतो. दुसरा म्हणाला, सरकार देते. ज्याचे वडील एस.टी.त आहेत तो म्हणाला, बँक देते. पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितले, अल्लाह देतो. आणि जिची आई तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाते ती मुलगी हळूच म्हणाली, "मुकादम देतो. त्याने दिला तरच मिळतो."

घंटा झाली आणि तास संपला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. मुलांची सगळी उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. तरी त्या शेवटच्या मुलीच्या उत्तरात जे होते ते इतरांच्या उत्तरात नव्हते. एका बाजूला मालक आहे, मग तो सेठ असो की सरकार. दुसऱ्या बाजूला घाम गाळणारा माणूस आहे. आणि या दोघांच्या मधे वही घेऊन बसलेला एक तिसरा माणूस आहे. पैसा त्याचा नाही, श्रमही त्याचे नाहीत. पण त्याच्या हातातून गेल्याशिवाय पैसा श्रमापर्यंत पोहोचत नाही. त्याला कोणी मुकादम म्हणतो, कोणी हजेरी कारकून, कोणी खजिनदार, कोणी हेडक्लार्क. या माणसाची नैतिक जबाबदारी नेमकी किती? तो फक्त नळ आहे काय, की वरून पाणी आले तर सोडायचे, नाही आले तर हात झटकायचे? की त्याच्यावरही काही देणे आहे? या लेखात आम्हाला एवढाच प्रश्न विचारायचा आहे. आणि तो विचारताना स्वतःलाही सोडायचे नाही.

मराठीतली हिशेबाची भाषा पाहिली तर पहिल्यांदा एक गंमत लक्षात येते. जमा, खर्च, वसूल, बाकी, रक्कम, तारीख, हजेरी, दफ्तर, दाखला, खजिना आणि खुद्द 'हिशेब' हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या घरात असे रुळले, की आज कुणाला ते पाहुणे वाटत नाहीत. फडणीस म्हणजे मुळात फर्दनवीस, याद्या लिहिणारा. मुजुमदार म्हणजे मजमूआदार, सगळ्या जमेची गोळाबेरीज ठेवणारा. पोतदार म्हणजे पोत्यावरचा, म्हणजे खजिन्यावरचा माणूस. ही आज सातारा-सांगलीकडची सन्मान्य मराठी आडनावे आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, मुजुमदाराचा अमात्य झाला. तरीही लोकांच्या तोंडी मुजुमदारच राहिला. 'पगार' हा शब्द तर पोर्तुगिजांकडून आला. सांगायचा मुद्दा हा, की आपल्या मुलुखात मोजदाद ठेवण्याचे काम अनेक भाषांनी मिळून केलेले आहे. त्यावर कुणा एकाची मालकी नाही आणि त्यातल्या पापपुण्यावरही नाही.

या शब्दांपैकी दोन शब्दांपाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. पहिला शब्द 'अफरातफर'. मूळ अरबी 'इफरात' आणि 'तफरीत', म्हणजे एकीकडे हद्दीबाहेर जास्त आणि दुसरीकडे हद्दीबाहेर कमी. मराठीने या जोडीचा अर्थ थेट पैसे खाणे असा केला. विचार केला तर तो अगदी बरोबर आहे. ज्या वहीत एका जागी विनाकारण जास्त दिसते, त्या वहीत दुसऱ्या कुठल्या तरी जागी कुणाला तरी कमी पडलेले असते. हवेतून काही येत नाही. दुसरा शब्द 'सही'. तो अरबी 'सहीह'वरून आला. सहीह म्हणजे खरे, निर्दोष, खोट नसलेले. ज्या शब्दाने आपण सहीह बुखारी म्हणतो तोच हा शब्द. म्हणजे हजेरीपटावर आपण सही करतो तेव्हा नुसते नाव लिहीत नाही. 'हे खरे आहे' अशी साक्ष देतो. या शब्दाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

जुन्या काळच्या राज्यकर्त्यांना पगार वाटणाऱ्याची जागा किती नाजूक आहे हे चांगले कळत होते. साताऱ्याचा अजिंक्यतारा किंवा आपल्या परिसरातला कोणताही किल्ला घ्या. शिवकालीन व्यवस्थेत किल्ला एका माणसाच्या हाती देत नसत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि सामान. ज्याच्या हाती कुलूप त्याच्या हाती लेखणी नाही, आणि ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती कोठार नाही. माणूस वाईटच असतो असे समजून ही रचना केलेली नव्हती. चांगल्या माणसालाही एकटे सोडू नये, एवढा शहाणपणा तिच्यात होता. शिपायांना जमिनी तोडून देण्यापेक्षा सरकारी खजिन्यातून रोख वेतन द्यावे, असाही महाराजांचा कल होता. पुढे उत्तर पेशवाईत ही घडी विस्कटली. फौजेचे पगार महिनोन्‌महिने थकू लागले आणि शिपाई आपल्याच सरदाराच्या दारात धरणे धरून बसू लागले. राज्य रणांगणावर हरते असे आपण शाळेत शिकवतो. पण त्याआधी ते पगाराच्या वहीत हरू लागलेले असते, हे आपण शिकवत नाही.

आता आपल्या दीनकडे वळू. मजुराचा घाम सुकण्याच्या आत त्याची मजुरी देण्याविषयीची हदीस आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. जुम्याच्या खुतब्यात ती ऐकून आपण माना डोलावतो. कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्यांच्या विरोधात उभा राहील त्यांत मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणाराही आहे, हेही आपण ऐकलेले असते. पण ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मालक. मधला माणूस येत नाही. म्हणून मधल्या माणसाविषयी काय सांगितले आहे ते आम्ही मुद्दाम शोधले.

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयीही नाही. ती देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे. सूरह बकरातली २८२वी आयत. व्यवहार लहान असो की मोठा, तो लिहून ठेवायला कंटाळू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अल्लाहने त्याला लिहिणे शिकवले आहे म्हणून त्याने लिहायला नकार देऊ नये, असा तिचा आशय आहे. आणि त्याच आयतीत पुढे आहे, की लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. म्हणजे कातिबावर कर्तव्य टाकले आणि त्याच दमात त्याला संरक्षणही दिले. सूरह तौबामध्ये जकातचे आठ हक्कदार सांगितले, त्यांत गरीब आणि मोहताज यांच्या पाठोपाठ जकात गोळा करण्याच्या कामावर नेमलेल्या माणसांचा उल्लेख आहे. जो दुसऱ्यांचा हक्क पोहोचवतो त्याचाही हक्क ठरवून दिला. का? तर त्याचे पोट भरले नाही तर तो कुठून भरेल हे उघड आहे. आणि बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे, तिचा भावार्थ असा: जो विश्वासू खजिनदार ज्याला जेवढे द्यायला सांगितले त्याला तेवढे पुरते आणि खुशीने देतो, तोही दान करणाऱ्यांपैकीच एक गणला जातो.

ही शेवटची गोष्ट वाचून आम्ही थबकलो. पैसा त्याचा नाही, हुकूमही त्याचा नाही. तरी सवाबात त्याचा वाटा आहे. अट दोन गोष्टींची: पुरते द्यायचे आणि खुशीने द्यायचे. मग याची उलटी बाजूही मान्य करावीच लागते. पोहोचवण्याच्या कामात सवाबचा वाटा असेल, तर न पोहोचवण्यात गुन्ह्याचाही वाटा आहे. "आम्ही फक्त मधले" हे म्हणणे दोन्हीकडे चालणार नाही. बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या बाईच्या मुलीला हे आमच्याआधी कळले होते.

आता इतिहासातले एक उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्याच मातीतले. १९४३ सालच्या जूनची ७ तारीख. त्या वेळी सांगली जिल्हा वेगळा नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार या सगळ्या पट्ट्यात उभे राहत होते. त्या दिवशी कराडजवळ शेणोली येथे तुफान सेनेच्या लोकांनी पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी अडवली. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले गेलेले रामचंद्र लाड हे त्या मोहिमेचे नेते. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. ती काढून घेतली गेली आणि टंचाईच्या त्या वर्षात गोरगरिबांच्या कामी लावली गेली. कॅप्टन भाऊंनी दीर्घ आयुष्य जगून अगदी अलीकडे, २०२२ साली, जगाचा निरोप घेतला. लूट हा शब्द त्यांना शेवटपर्यंत मान्य नव्हता. इंग्रजांनी आमचा लुटलेला पैसा आम्ही परत आणला, अशी त्यांची भूमिका होती.

हा प्रसंग आम्ही मुलांना सांगतो तेव्हा अभिमानाने सांगतो. पण पगार हा शब्द डोक्यात बसल्यापासून एक शंका आम्हाला सतावू लागली. ती रक्कम इंग्रजांची होती हे खरे. पण ती कुणाच्या तरी पगाराची होती. तो नोकर हिंदीच असणार. लाइनीवरचा गँगमन असेल, स्टेशनातला हमाल असेल, कचेरीतला शिपाई असेल. मग तुफान सेनेने त्याच्या घामाचे पैसे घेतले काय? शंका क्षुल्लक नाही. स्वातंत्र्यसैनिकांविषयीच्या आदरात ती दडपून टाकणे हा आदर नव्हे.

पुष्कळ विचार केल्यावर आम्हाला उत्तर मिळाले ते असे. पेटीतला पैसा अजून मजुराचा झालेला नसतो. तो मालकाचा असतो आणि मालकाच्या माणसाकडे अमानत म्हणून असतो. वाटेत पेटी लुटली गेली, बुडाली, जळाली, तरी मजुराचे देणे फिटत नाही. ते मालकाच्या डोक्यावर जसेच्या तसे उभे राहते. गँगमनने आपले काम केलेले आहे, हजेरीपटावर त्याची हजेरी आहे, आणि पगार मिळाल्याबद्दल त्याने सही केलेली नाही. त्याचा दावा शाबूत आहे. दुसऱ्या पेटीतून त्याला देणे सरकारला भाग आहे. म्हणजे शेणोलीला जे गेले ते सरकारचे गेले. मजुराचे गेले नाही, कारण त्याची सही अजून त्याच्याजवळ होती.

हे उत्तर मिळाले आणि आम्हाला बरे वाटण्याऐवजी घाम फुटला. कारण मग उलट प्रश्न आलाच. मजुराला लुटायचेच असेल तर पेटीला हात लावायची गरज काय? त्याची सही घेतली की पुरे. पैसे न देता किंवा अर्धे देऊन 'पुरते मिळाले' अशी त्याची सही घेतली, की देणे कागदावर फिटले. आता त्याचा दावा उरला नाही, साक्षीदार उरला नाही. जो साक्षीदार होऊ शकला असता त्याच्याच हाताने त्याच्याविरुद्ध साक्ष लिहून घेतली. बंदूक लागली नाही, गाडी अडवावी लागली नाही. चहा पाजून हे काम होते.

आम्ही अशा सह्या केलेल्या आहेत.

बी.एड. झाल्यावर आम्हाला जी पहिली नोकरी मिळाली ती एका विनाअनुदानित संस्थेत. संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अशा संस्था आपल्याकडे आहेत आणि त्या चालवणारे आपल्याच ओळखीचे असतात. महिन्याच्या शेवटी पगारपत्रकावर रेव्हेन्यू तिकीट लावलेले असे. त्यासमोर छापील आकडा असे आणि हातात त्याच्या तिसरा हिस्सा येई. कुणी काही बोलत नसे. "अनुदान आल्यावर सगळे भरून निघेल" हे वाक्य त्या इमारतीच्या पायाभरणीपासून तिथे होते. आम्ही तिथे तीन वर्षे होतो. छत्तीस वेळा सही केली. प्रत्येक वेळी आम्ही स्वतःला सांगितले, की ही मजबुरी आहे. मजबुरी होतीही. घरी आई-वडील होते, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. पण मजबुरीने खोटे खरे होत नाही. फार तर माफ होण्याजोगे होते, आणि तेही माफ करणारा आपण नाही.

त्या संस्थेत एक वयस्कर क्लार्क होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. पगारपत्रकावर सही घेऊन झाली, की ते टेबलाच्या खणातून एक साधी शंभरपानी वही काढत. त्यात प्रत्येकाचे नाव, महिना आणि प्रत्यक्ष हातात दिलेली रक्कम लिहिलेली असे. तिथे ते आमची दुसरी सही घेत. संस्थाचालकांना त्या वहीची खबर होती की नव्हती, आम्हाला सांगता येणार नाही. एकदा आम्ही रागाने विचारले, "चाचा, खोट्या कागदावर सही घेताच, मग हे खरे कागद कशाला ठेवता?" ते म्हणाले, "मास्टर, उधर मैं नौकर हूँ. इधर मैं कातिब हूँ." आणि वही खणात ठेवून कुलूप लावले.

त्या उत्तराने तेव्हा आमचे समाधान झाले नव्हते. आजही पुरते होत नाही. चाचांच्या बाजूने बोलावे तर, त्यांनी सत्य कुठे तरी जिवंत ठेवले. पुढे मागे हिशेब मागायची कुणाला हिंमत झाली तर मागता यावा, एवढी सोय त्यांनी केली. त्यांच्या विरुद्ध बोलावे तर, ज्या कागदाला जगात किंमत होती तो खोटाच राहिला, आणि जो खरा होता तो खणात कुलूपबंद होता. खरी वही लिहिल्याने खोटी वही धुऊन निघत नाही. किरामन कातिबीन आपल्या खांद्यांवर असतातच. त्यांच्या नोंदीला चाचांच्या वहीची गरज नव्हती. गरज आम्हाला होती. आणि आम्ही कोणीही, छत्तीस महिन्यांत एकदाही, ती वही चव्हाट्यावर मांडा असे त्यांना म्हटले नाही. त्या आयतीत लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सांगितले आहे. आम्ही चाचांना एकटे सोडले, हाही त्रासच. त्यांना दोष देण्याआधी एवढे मान्य करणे भाग आहे.

एवढे लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. जुलूम करणारे दुसरे, सोसणारे आम्ही. पण दैवाने आम्हाला टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसवले. आता आम्ही ज्या शाळेत आहोत तिथे पगार शासनाकडून येतो. बिले संगणकावर 'शालार्थ' प्रणालीत भरावी लागतात. संगणक येतो म्हणून मुख्याध्यापकांनी ते काम आमच्यावर टाकले. शाळेत एक नवीन शिक्षणसेवक आला. शिक्षणसेवकाचे मानधन म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. २००० साली योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले, २०२३ साली ते १६,००० झाले. त्या मुलाचे एक थकबाकीचे बिल भरायचे होते. कागद पुरे होते. रमजानचे शेवटचे दिवस होते, घरात गडबड होती, साइट हळू चालत होती. आम्ही म्हटले, ईदनंतर पाहू. ईदनंतर मुदत गेली होती आणि बिल दोन महिने पुढे गेले. त्या मुलाने एक शब्द काढला नाही. ईदला घरी शीरखुर्मा प्यायला आला, गळाभेट झाली. त्याने वडिलांच्या औषधासाठी दुकानदाराकडून हातउसने घेतले होते, हे आम्हाला पुढे तिसऱ्याच माणसाकडून कळले.

आम्ही त्याचा एक पैसा खाल्ला नव्हता. अफरातफर नव्हती, खोटी सही नव्हती. नुसता आळस होता. पण त्याच्या बाजूने पाहिले तर घाम सुकून गेला होता. आम्हाला वाटते, मधल्या माणसाचा सर्वांत मोठा गुन्हा चोरी हा नसून हाच आहे. चोरी क्वचित होते. 'पाहू', 'वरून आले नाही', 'बजेट नाही', 'साहेब रजेवर आहेत' हे रोज होते. प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. वरचा आणखी वरच्याकडे. शेवटी बोटे सगळी आकाशाकडे जातात आणि मजूर खाली जमिनीवर उभा असतो. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपापल्या रयतेविषयी विचारले जाईल, असा प्रेषितांच्या (स.) एका हदीसचा आशय आहे. रयत हा शब्द तोच, जो कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी आपल्या शिक्षण संस्थेला दिला आणि १९२४ साली साताऱ्यात आणला. त्या संस्थेच्या वसतिगृहात मुलांना जेवायला काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. 'वरून आले नाही' असे त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणायचा त्यांना पुरा हक्क होता.

आता आणखी एक हिशेब पाहू. आमच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कराचे कापले जातात, फेब्रुवारीत ३००. शिक्षकांच्या खोलीत या कपातीवर बराच चहा संपतो. हा कर आला कुठून? सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. 'मागेल त्याला काम' ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. तासगाव भागात तिचा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात तिने राज्यभर लाखो माणसे जगवली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या वहीतून खडी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीपटापर्यंत एक सरळ रेघ पागेसाहेबांनी ओढली.

त्या रेघेच्या शेवटी पुन्हा एक मधला माणूस होता. हजेरी सहायक, मस्टर कारकून. त्याच्या विषयी आमच्या भागात दोन प्रकारच्या गोष्टी ऐकायला मिळतात. एका गोष्टीत तो मेलेल्या माणसांची नावे लावून मजुरी उचलतो. दुसऱ्या गोष्टीत एखादी म्हातारी तापाने फणफणलेली असते, त्या दिवशी कामावर येत नाही, आणि तो तिची हजेरी लावून टाकतो. दोन्ही ठिकाणी वही खोटी. दोन्ही एकच काय? आमचे मन म्हणते, नाही. पण मन जे म्हणते ते तपासायला हवे. म्हातारीवर दया करायची असेल तर कारकुनाने ती आपल्या खिशातून करावी. दुसऱ्याच्या पैशावर केलेल्या दयेचा सवाब फार स्वस्त असतो. शिवाय ज्या वहीत दयेपोटी एक खोटे नाव घुसले, त्या वहीत लोभापोटी दुसरे घुसायला दार मोकळे झाले. ज्या दिवशी तपासणी येईल त्या दिवशी म्हातारीचे नावही बोगस ठरेल, आणि तिच्याबरोबर खऱ्या मजुरांची मजुरीही अडकेल. म्हणून वही खरीच असावी आणि दया वहीच्या बाहेर असावी, असे आमचे मत झाले आहे. ते कठोर वाटले तरी गरिबाच्या बाजूचे आहे, कारण खरी वही ही शेवटी गरिबाचीच ढाल असते. श्रीमंताला तिची गरज नसते.

शेवटी आपल्या मोहल्ल्यात येऊ. सरकार आणि संस्था यांना बोल लावणे सोपे आहे. पण आपल्या मशिदीच्या पेश इमामसाहेबांना आपण काय देतो? कधी देतो? मकतबमध्ये आपल्या मुलांना अलिफ-बे शिकवणाऱ्या हाफिजजींचा महिना किती तारखेला होतो? देशात वेतन वेळेवर देण्याचा कायदा १९३६ साली झाला. लहान आस्थापनांना त्याने पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मुदत दिली होती. आपल्या कितीतरी जमातींत सातवा दिवस जाऊन सतरावा येतो आणि इमामसाहेब तोंडातून शब्द काढत नाहीत, कारण मागणे त्यांना शोभत नाही असे आपणच ठरवून टाकले आहे. चंद्याच्या पावत्या फाटतात, मिनाराला रंग लागतो, नवा गालिचा येतो. ज्यांच्या मागे आपण नमाजला उभे राहतो त्यांच्या घरी किराण्याचे खाते थकलेले असते. हा पैसा अमानत आहे आणि आपले खजिनदार अमीन आहेत. ते बहुतेक ठिकाणी नेक आणि बिनपगारी आहेत, याबद्दल शंका नाही. पण नेक माणसालाही एकटे सोडू नये, हे अजिंक्यताऱ्याच्या बांधणीतले शहाणपण आपणही घ्यावे. दर महिन्याचा जमाखर्च जुम्याच्या दिवशी फलकावर लावावा. पैसे ज्याच्याकडे असतील त्याच्याकडे वही नसावी. आणि खर्चाच्या यादीत पहिली ओळ इमाम आणि मुदर्रिस यांच्या पगाराची असावी, मग रंगाची. यात नवे काही नाही. सगळ्यांना माहीत आहे. फक्त 'पाहू' या शब्दाने ते अडलेले आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो तेव्हा त्या मुलाला त्याचा प्रश्न आठवतही नव्हता. मुलांचे तसेच असते. पण आम्ही फळ्यावर 'पगार' लिहिले आणि सांगितले, की देणारा अल्लाह आहे, पैसा मालकाचा आहे, हक्क काम करणाऱ्याचा आहे, आणि जो मधे आहे त्याच्याकडे या तिघांचीही अमानत आहे. बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या बाईच्या मुलीने विचारले, "मग मुकादमाने नाही दिला तर?" आम्ही म्हटले, "तर सही करू नये." ती म्हणाली, "आईला सही येत नाही. ती अंगठा देते."

आम्ही त्या मुलीला शाळा सुटल्यावर थांबायला सांगितले. आईला दर शनिवारी घेऊन ये, म्हटले. आता ती बाई दोन शनिवार येऊन गेली आहे. नाव लिहिता येऊ लागले आहे. आकडे वाचता यायला अजून थोडे दिवस लागतील, आणि आमच्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहे. ज्याच्यासमोर सही करायची तो आकडा आधी वाचता आला पाहिजे. आम्हाला तो वाचता येत होता आणि तरी आम्ही छत्तीस वेळा सही केली. त्या छत्तीस सह्यांचा हिशेब अजून बाकी आहे. तो आम्हालाच द्यायचा आहे.